बद्द

आठ वर्षांत माझ्या हातून दगडाच्या सहा वस्तू पुऱ्या झाल्या. एक घुबड, दोन खल, दार आपटू नये म्हणून लावायचा एक ठोकळा, एक पणती आणि एक वरवंटा. त्यातल्या घुबडाला उजवा कान नाही. एका खलात त्याचा बत्ताच नीट फिरत नाही, म्हणून तो गच्चीवर चिमण्यांच्या पाण्यासाठी ठेवलाय. हा हिशोब आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढे कुठेतरी एखादी देखणी मूर्ती येईल म्हणून वाचणारा वाट पाहत बसायचा.

मी दातांची डॉक्टर. २०१७ साली दगडकामाच्या वर्गाला गेले तेव्हा पुण्यात दवाखाना थाटून मला २२ वर्षं झाली होती. गेले म्हणजे तरी कशी, तर एका मैत्रिणीने दोघींचे पैसे भरले आणि ऐन वेळी ती आलीच नाही. चार शनिवार-रविवार, म्हणजे एकूण आठ दिवस. खास नवशिक्यांसाठी, आधीचं काही यायला हवं अशी अट नाही. मला वाटलं, आपला हात तर चालता आहे. दिवसभर बोटभर जागेत, आरशात उलटं बघत, दाताचा अर्धा मिलिमीटर कोरणारी बाई मी. उशीएवढा दगड म्हणजे मैदानच. हा माज उतरायला पहिल्या शनिवारची दुपारही व्हावी लागली नाही.

वर्ग शहराबाहेर, खाणींच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. आम्ही अकरा जण. आयटीतले तिघे, एक निवृत्त इंजिनिअर (हे स्वतःचा कॅलिपर घेऊन आलेले), चित्रकला शिकणारी एक मुलगी, एक नवरा-बायको, बाकी माझ्यासारखे. काय करायचंय असं विचारल्यावर अकरापैकी आठ जणांनी गणपती सांगितला. शिकवणारे साठीचे, पिढीजात दगडाचं काम करणारे. दुपारच्या चहापर्यंत ते सगळ्यांचे मामा झाले होते. गणपतींची यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "करू की. आदी दगूड तर सपाट करा."

त्याच्याही आधी दगड निवडायचा होता. शेडबाहेर पंधरावीस दगड ओळीने मांडलेले. आम्ही रंग बघितला, आकार बघितला, हात फिरवून बघितला. मामांनी काय केलं, तर हातोडीने एकेका दगडाला टिचकी मारत ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, "आता डोळं झाका अन् परत ऐका." डोळे मिटल्यावर कळलं. बहुतेक दगड खणखणीत वाजत होते, काही तर पितळेच्या भांड्यासारखे. मधले दोन-तीन मात्र बद्द. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तेव्हा तडा गेलेला माठ जसा वाजतो तसे. मी मनात धरलेला छान चौकोनी दगड त्यातलाच निघाला. आत कुठेतरी चीर होती. बाहेरून केसाएवढीही दिसत नव्हती.

पुढे कधीतरी वाचनात आलं की जुन्या शिल्पग्रंथांत आवाजावरून शिळेचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे प्रकार केलेत. मोठ्या उत्साहाने मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तसलं काय न्हाय. दगूड वाजतो, न्हाईतर वाजत न्हाय."

दगड आपलाच, काळा पाषाण, भूगोलाच्या पुस्तकातला बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्याचं दख्खनचं पठार झालं. आपली लेणी, गड, नदीचे घाट, पाटे आणि जाती, बहुतेक सगळं त्यातून निघालेलं. नवशिक्यांना सहसा शंखजिऱ्याचा मऊ दगड देतात. तो चाकूनेही निघतो, रविवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात काहीतरी गुळगुळीत असतं आणि फोटो चांगले येतात. मामांना ते पटत नव्हतं. मऊ दगड हाताला खोटं शिकवतो, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन मी आकडे शोधले. कठीणपणाच्या मोह्‌ज पट्टीवर शंखजिरं एकच्या आसपास, दाताचं इनॅमल पाच आणि बेसॉल्ट सहाच्या घरात. म्हणजे दातापेक्षा थोडाच कठीण, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली. पण दातावर मी जे यंत्र चालवते ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं आणि त्याच्या टोकाला हिऱ्याचे कण असतात. इथे किलोभराची हातोडी, एक टोकदार छिन्नी आणि माझा उजवा हात. मामा त्या छिन्नीला टाकी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

पहिल्या तासाभरात माझ्या दगडातून चिमूटभर भुगा निघाला आणि त्यावर पांढरे ठिपके उठले. मी टाकी उभी धरत होते. उभ्या टाकीने दगड तुटत नाही, त्याला मुका मार बसतो. वरून काही निघत नाही, पण आतली कणी चिरडते आणि तो पांढरा डाग पुढे घासूनपुसून दगड काळा केला की वर येतो. टाकी तिरकी धरली तर कपची उडते. फार तिरकी धरली तर टाकी घसरते आणि मागोमाग हातोडी अंगठ्यावर. त्यात माझी दवाखान्याची खोड आडवी आली. तोंडात काम करताना आम्ही करंगळीशेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवतो, त्याशिवाय हात स्थिर राहत नाही. इथेही माझं बोट आपोआप दगडावर टेकायला जायचं आणि ते नेमकं कपची उडायच्या वाटेत असायचं. रविवारी रात्री डाव्या अंगठ्याचं नख जांभळं झालं होतं आणि सोमवारी ग्लोव्ह चढवताना मी इतक्या जोरात ओरडले की खुर्चीतला माणूस उठून बसला.

सपाट करणं म्हणजे काय, हे शिकण्यात पहिले चार दिवस गेले. चारी कडांना आधी बोटभर रुंदीची पट्टी काढायची. समोरासमोरच्या दोन कडांवर दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवून एका डोळ्याने बघायचं, दोन्ही एका रेषेत दिसेपर्यंत कडा उतरवायच्या, मग मधलं पोट काढायचं. टाकी नेहमी कडेकडून आत चालवायची, उलट चालवली की कड ढासळते. पोट किती उरलंय हे बघायला मामांनी एका सपाट फळीला गेरूचं पाणी फासलं, ती दगडावर ठेवून जराशी हलवली आणि उचलली. जिथे उंचवटा तिथे तांबडे ठिपके. ते ठिपके तेवढे टिपायचे, पुन्हा फळी.

मी ओरडलेच. बावीस वर्षं मी दुसरं काय करत होते? फिलिंग झालं की कार्बन पेपर चावायला द्यायचा, डाग पडेल तेवढंच घासायचं, पुन्हा चावायला द्यायचं. "काही उंच लागतंय का?" हा मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असेल. मामांना हे सगळं हातवारे करून सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमास्नी येतंय की. करा." आणि मला येत नव्हतं. खुर्चीतला माणूस 'अजून थोडं लागतंय' असं सांगतो, आणि त्या एका वाक्यावर माझं किती काम भागत होतं ते मला तिथे कळलं.

तिसऱ्या शनिवारी जे घडलं त्यासाठी मी खरं म्हणजे हे लिहायला बसले. मामा शेडच्या दारात, आमच्याकडे पाठ करून, बशीतून चहा पीत बसले होते. आत अकरा हातोड्यांचा गलका. त्यातून ते मागे वळूनही न बघता म्हणाले, "डॉक्टरीणबाई, टाकी बोथट झाली. बदला." मी बघितलं, खरंच टोक गोल झालं होतं. थोड्या वेळाने, "साहेब, कड सोडा आता. जाईल." इंजिनिअरसाहेब कॅलिपर लावून कड मोजत होते, त्यांच्या हिशोबाने अजून तीन मिलिमीटर वाव होता. त्यांनी आणखी दोन घाव घातले आणि तळहाताएवढी कपची खाली पडली. मामांनी बशी खाली ठेवली, पण बोलले काहीच नाहीत. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा गुण होता. आपण सांगितलेलं खरं ठरल्यावर गप्प बसणारा शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणजे हा माणूस आमच्या हातांकडे बघतच नव्हता. तो ऐकत होता. धारदार टाकीचा आवाज वेगळा, बोथट टाकीचा वेगळा. भरीव दगडाचा वेगळा, आणि कडेजवळ पापुद्रा सुटायला आला की तो वेगळा, भरल्या मडक्याचं रिकामं होत जावं तसा. आणि माझे कान? दवाखान्यातल्या यंत्राची ती किंकाळी २२ वर्षं रोज ऐकून मी न ऐकण्यात तरबेज झाले होते. त्या आवाजाला रुग्ण घाबरतो, म्हणून आम्ही गाणी लावतो. मीही गाण्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये कुठेतरी कान मिटून काम करायची. शेडमध्येही मी तशीच बसले होते, गर्दीत बसल्यासारखी.

त्या दुपारपासून मी हात विसरून आवाजाच्या मागे लागले. लगेच काही साधलं नाही. पण सहाव्या दिवशी केव्हातरी टाकी बदलावी असं मला वाटलं आणि मामांचा आवाज त्यानंतर आला. एवढीच कमाई, पण ती आठ दिवसांतली एकमेव.

टाकीचं म्हणाल तर बेसॉल्टवर साध्या पोलादाचं टोक पाव तास टिकलं तरी पुष्कळ. आता टोकाला कार्बाइड लावलेल्या छिन्न्या मिळतात, त्या खूप टिकतात, आणि मामांनी आम्हाला त्या दिल्याही होत्या. पण प्रत्येकाने एक तरी टाकी स्वतः पाजवायची, हा त्यांचा नियम. भट्टीत लाल करायची, घडवून टोक काढायचं, टोक तेवढं पाण्यात बुडवायचं, पटकन विटेवर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या तापलेल्या भागातली धग टोकाकडे सरकते तसे धातूवर रंग चढत येतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. पिवळा टोकाला पोचला की पूर्ण टाकी पाण्यात. उशीर होऊन निळा आला तर टाकी मऊ पडते. फार लवकर बुडवली तर इतकी कडक होते की पहिल्या घावाला टोकच उडतं. माझी पहिली निळी झाली, दुसरीचं टोक उडालं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण उठसूट म्हणतो. त्या भट्टीजवळ बसल्यापासून मला त्या म्हणीत दगडाचं जरा जास्तच कौतुक झाल्यासारखं वाटतं. दगड सोसतो तितकंच टाकीही सोसते, आणि देवळात तिला कुणी ठेवत नाही.

शेवटच्या आठवड्याच्या मधल्या एका सकाळी मी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला गेले. तीस वर्षं त्या रस्त्याने जाते आहे. आत फार तर चारदा गेले असेन, तेही बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून. आठव्या शतकातलं हे लेणं, भर शहरात, जमिनीच्या पातळीखाली कोरलेलं आणि अपुरं राहिलेलं. समोर नंदीचा गोल मंडप. त्या दिवशी मी देवाकडे न जाता भिंतींकडे गेले. कोवळं ऊन तिरकं पडलं होतं आणि त्यात टाकीचे ओरखडे उठून दिसत होते. एका जागी ते सगळे उजवीकडून डावीकडे कललेले, हातभर पुढे गेल्यावर कल बदललेला. तिथे माणूस बदलला असेल, किंवा त्याच माणसाने हात बदलला असेल, किंवा तो उभ्याचा बसला असेल. एका कोपऱ्यात घाव दाट आणि उथळ, नवशिक्याचे असावेत असे. मला बाराशे वर्षांपूर्वीचा कुणी माझ्याइतकाच कच्चा भेटला म्हणून फार बरं वाटलं. पुरातत्त्वाच्या जाणकारांनी या तर्कावर हसावं, माझी हरकत नाही.

पुढे वेरूळला गेले तेव्हाही असंच झालं. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं, हे शाळेपासून पाठ आहे. पण आता त्याचा अर्थ पोटात गोळा आणणारा होता. वरून खाली म्हणजे कळस आधी. पाया बघून कळस ठरवायची सोय नाही. आतली चीर, पोकळी जे काही निघेल ते निघेल, दगड बदलून मिळणार नाही. एक घनफूट बेसॉल्ट ८० किलोच्या आसपास भरतो. मागचा कातळकडा १०० फुटांच्या वर आहे. माझा उशीएवढा दगड सपाट करायला मला चार दिवस लागले होते. मी गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला. त्यापेक्षा अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं मला जवळचं वाटलं. ते पूर्ण झालं असतं तर तिथल्या मोठ्यात मोठ्या विहारांपैकी एक ठरलं असतं. आता आत ठोकळ्यासारखे उभे खांब आणि मध्येच थांबलेलं काम दिसतं. लोक तिथे डोकावून पुढे जातात. मी अर्धा तास बसले.

वर्ग संपला तेव्हा आठ गणपतींपैकी एकही झाला नव्हता. सगळ्यांकडे एक बाजू सपाट झालेला दगड होता. आयटीतल्या एकाने त्यावरून थोडी कुरबुर केली, ती गैर होती असंही मी म्हणणार नाही. जाहिरातीत 'आपली पहिली कलाकृती घरी न्या' असं छापलेलं होतं. चित्रकलेच्या मुलीने मात्र त्या सपाट बाजूवर शेवटच्या दोन तासांत एक पिंपळपान काढलं, इतकं पातळ की कोरल्यापेक्षा ते वाळून पडल्यासारखं वाटत होतं. ती पुढे कुठे आहे ठाऊक नाही.

मी मात्र जात राहिले, एक आड एक रविवार. मामांना त्याचं नवल वाटायचं. घुबड त्या काळातलं. एक कान मी घाईने घालवला. पुढच्या रविवारी लग्नाला जायचं होतं, म्हणून त्या दिवशी संपवायचं ठरवलं आणि आवाज पातळ होत गेलेला ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्याहून मोठी फजिती गालाची. गाल उतरवत आणला आणि आत वाटाण्याएवढी पोकळी लागली. बेसॉल्टमध्ये अशा पोकळ्या असतात. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या त्या जागा, आणि पुष्कळदा त्यात पांढरे स्फटिक धरलेले असतात. वाघोलीच्या खाणींतली अशी खनिजं तर जगभरचे संग्राहक विकत घेतात, तिथे सापडणारं निळं कॅव्हन्साइट विशेष प्रसिद्ध आहे. माझ्या नशिबी साधे पांढरे दाणे आले, ऐन गालावर. घुबडाची दाढ किडल्यासारखी दिसत होती.

आता आयुष्यभर पोकळ्या भरत आलेली बाई ही. मी घुबड दवाखान्यात नेलं, दाण्यांची साफसफाई केली, दातात भरायचं कॉम्पोझिट थराथराने भरलं, निळ्या दिव्याने कडक केलं, वर काजळी चोळली आणि इतकं बेमालूम घासलं की मलाच जागा सापडेना. रविवारी मामांना दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, फिरवलं, बोटाच्या पेराने कपाळावर वाजवलं, मग गालावर वाजवलं. थांबले. काही न बोलता पाण्याच्या बादलीत बुडवून वर काढलं. कोरलेला बेसॉल्ट कोरडा असताना राखाडी दिसतो, ओला झाला की काळाभोर. सगळं घुबड काळं झालं आणि गालावर तो वाटाणा तसाच राखाडी. "झ्याक भरलंय," मामा म्हणाले. "दातात भरायचं, ते दातात भरावं."

मी तो भराव काढून टाकला. घुबड आता माझ्या टेबलावर, पोकळ गाल समोर करून बसलेलं असतं. लहान मुलं त्याला बघून स्वतःहून विचारतात, याला कीड लागली का? माझं निम्मं काम तिथेच होतं.

एकदा मी काही आणायला मधल्याच मंगळवारी शेडवर गेले. लांबूनच कटरचा आवाज आला. मामा वीटभर जाडीच्या फरश्यांची ऑर्डर कापत होते, तोंडाला रुमाल, अंगभर पांढरा भुगा, समोरचं दिसत नव्हतं इतका धुरळा. हाताने फक्त रविवारी, आमच्यासाठी. मला फसल्यासारखं वाटलं आणि ते लपवता आलं नाही. त्यांनी यंत्र बंद केलं, रुमाल खाली ओढला आणि विचारलं, "तुमी दवाखान्यात हातानं दात कोरता व्हय?" याला उत्तर नव्हतं. धुळीबद्दल मात्र मी बोलले. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, पण म्हणून ती धूळ फुप्फुसात भरायची नसते. पुढच्या वेळी मास्कचा खोका नेऊन दिला. तो खोका दोन वर्षांनी तसाच कपाटावर होता, वर दगडाची धूळ बसलेली.

त्याच दिवशी त्यांनी आईचं सांगितलं. खांद्याला झोळी, झोळीत टाकी-हातोडी, आणि गल्लोगल्ली आरोळी देत ती पाट्या-जात्यांना टाकी लावायला जायची. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही, सरकते; म्हणून दर काही महिन्यांनी त्यावर बारीक खाचा पाडून घ्यायच्या. माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यातही अशी बाई यायची, मला तिची आरोळी आठवते, चेहरा नाही. मग घरोघरी मिक्सर आले. मामांच्या घरात आरोळी थांबली, वडील खाणीवर गेले, मामा फरशीकडे वळले आणि मुलगा पोकलेन चालवतो. आम्ही पैसे मोजून जे करायला शहरातून येत होतो, ते त्यांच्या मुलाने पैसे मिळूनही नको म्हटलं होतं. रविवारी तो कधी शेडवर आला तर आमच्याकडे लग्नातल्या बँडकडे बघावं तसा थोडा वेळ बघत उभा राहायचा. मला त्या नजरेची लाज वाटायची, अजून वाटते, आणि तरी मी गेले.

लाज जिथे वाटायला हवी होती तिथे ती मी उशिरा बाळगली, हेही सांगायला हवं. सुरुवातीची दोनेक वर्षं मी चारचौघांत 'दगड आणि मी' या विषयावर फार बोलायची. जड हातोडी घेतली की आपण खरे कारागीर, अशा समजुतीने दोन किलोची घेतली आणि कोपर धरलं. चार महिने दोन्ही कामं अडली. दवाखान्यातही दुपारनंतर हात उचलेना. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हात ढिल्ला सोडा ताई, दगूड कुठं पळून चाल्लाय?" ते मी नम्रतेचा उपदेश समजून ऐकून घेतलं होतं. तो सांध्याचा सल्ला होता.

२०२० मध्ये दवाखाना बंद असताना गच्चीवर एकच दगड होता, त्याचे दोन खल झाले. थाळ्या वाजवल्या ती एक संध्याकाळ सोडली तर सोसायटीत सर्वांत मोठा आवाज माझा असायचा. तक्रार फक्त एका आजोबांनी केली, तीही दुपारी एक ते चारपुरती.

मामा माझ्या खुर्चीत आले ते दोन वर्षांपूर्वी. डावीकडे काहीतरी ठणकतंय म्हणाले. तोंड उघडलं आणि मी क्षणभर बघत राहिले. सगळ्या दातांची डोकी घासून सपाट झालेली, गेरू लावून उंचवटे टिपावेत तशी. दगडाच्या धुळीत जन्म काढणाऱ्यांचे दात असे झिजतात. जात्यावरच्या पिठाची भाकरी खाल्लेल्या जुन्या पिढीतही अशी झीज दिसायची, कारण जात्याची कच पिठात उतरते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता त्या पुस्तकाला तंबाखूचा वास होता. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे असे आवळले होते की शिरा टरारल्या होत्या.

"हात ढिल्ला सोडा मामा," मी म्हटलं. "दात कुठं पळून चाललाय?"

ते तोंड उघडं ठेवूनच हसले. मग मी आरशाच्या दांड्याने एकेक दात वाजवत निघाले. ही आमची जुनी तपासणी. कुठला दात दुखतो ते त्यातून कळतं, आणि आवाजावरून मुळाभोवतालचं थोडंफार सांगता येतं. हाडाला चिकटून बसलेला दात धातूसारखा टणटण वाजतो, आधार सुटलेला जड वाजतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य मी शेडवर जायला लागल्यापासून खरोखर वापरते. गाणी बंद करून वाजवते. माझ्या मदतनीस मुलींना ते विचित्र वाटतं. खालच्या डाव्या बाजूला एक, दोन, तीन वाजवले आणि चौथ्याला माझा हात थांबायच्या आत मामांनीच बोट वर केलं. तोंडात आरसा असल्यामुळे शब्द नीट फुटले नाहीत, पण कळलं. "ह्यो बद्द."

एक्स-रे काढला. त्या दाढेच्या मुळांभोवतीचं हाड बरंच गेलेलं होतं. दाढ काढावी लागली. ती त्यांनी कागदात बांधून नेली.

जाताना पैशांवरून बरीच ओढाताण झाली, शेवटी त्यांनी विचारलं की घरी पाटा आहे का. होता. सासूबाईंचा, वरच्या टोकाला छोटं कमळ काढलेला, मिक्सर आल्यापासून बाल्कनीत कुंडीखाली. "मग त्याला टाकी लावा," ते म्हणाले. "मूर्ती-बिर्ती नका करत बसू."

त्या रविवारी मी पाटा धुऊन, मांडीसमोर घेऊन बसले. खाचा उथळ हव्यात, दाट हव्यात, एकमेकींत मिसळायला नकोत. टक, टक, टक, दोन बोटांत टाकी आणि अगदी हलकी हातोडी. तोवर इतकं बरं काम माझ्या हातून झालं नव्हतं. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांची कवळी मीच केलेली. त्या खुर्ची टाकून शेजारी बसल्या आणि मधूनमधून 'इथे राहिलंय' म्हणून काठीने दाखवत राहिल्या. टाकी लावून झाल्यावर आधी भिजवलेले तांदूळ वाटून फेकायचे असतात, म्हणजे सुटी कच निघून जाते. मी दोनदा वाटले, दोनदा फेकले, पाटा खळखळून धुतला आणि खोबऱ्याची चटणी वाटली. मिरच्या, लसूण, मीठ. वासानेच घर भरलं.

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तोंडात घातला. त्या चावत होत्या आणि मी ऐकत होते. दोन-तीन वेळा काही नाही. मग बारीकशी करकर आली, मला आणि त्यांना एकदमच.

"अगं," त्या म्हणाल्या, "मूठभर तांदूळ भिजत घाल अजून."